विज्ञानाच्या तासाला उद्योजकता शिकवायची, म्हणजे नेमकं काय करायचं?

चंचुपात्र

आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. 'मुलांमध्ये उद्योजकता रुजवा' असं हल्ली जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. शाळेत त्याचं जे होतं ते मात्र ठरलेलं असतं. वर्षातून एक दिवस टेबलं मांडायची, मुलांनी काहीतरी करून आणायचं, पालकांनी ते विकत घ्यायचं, फोटो काढायचे. मुलांना मजा येते, त्याला माझी ना नाही. पण त्या दिवसात विज्ञान कुठेच नसतं आणि उद्योजकताही फारशी नसते. गिऱ्हाईक म्हणजे स्वतःचे आईबाबा. ते नाही म्हणणारच नसतात. 'नाही' म्हणू शकेल असं गिऱ्हाईकच समोर नसेल तर मूल त्यातून शिकणार काय?

मला वाटतं, यासाठी वेगळा दिवस, वेगळा विषय काही नको. विज्ञानाचा तास नीट घेतला तर सगळं त्यातच आहे. आपण तो नीट घेत नाही, ही खरी अडचण. आपली प्रात्यक्षिकं बघा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. उत्तर आधीच छापलेलं. मुलाचं वाचन त्याच्याशी जुळलं नाही तर ते शेजारच्या वहीतून आकडा उचलतं, कारण मार्क जुळण्याला आहेत. समोर दिसतंय ते सोड, अपेक्षित आहे ते लिही, हेच आपण प्रयोगशाळेत बसवून शिकवतो. पुढे याच मुलाने स्वतःचं काही सुरू केलं आणि लोक सांगायला लागले की तुझा अंदाज बरोबर नाही, तर ते ऐकून घ्यायची सवय त्याला कुठून लागणार?

मी काय करते ते एका उदाहरणाने सांगते. उष्णतेच्या वहनाचा धडा. मेणाने टाचण्या चिकटवलेला धातूचा दांडा तापवायचा, तो प्रयोग करतेच. त्यानंतर मुलांना एक काम देते: लस नेण्याचा डबा करा. बऱ्याचशा लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात आणि जिथे वीज नाही तिथे आरोग्यसेविका त्या खांद्याला अडकवलेल्या डब्यातून नेते.

मोजायचं कसं? नुसतं 'थंड राहिलं' चालत नाही. डब्यात वजन केलेलं बर्फ ठेवायचं, तासाने पाणी काढून टाकून उरलेलं बर्फ टिपून पुन्हा वजन करायचं. समजा १०० ग्रॅम वितळलं. बर्फ वितळायला ग्रॅममागे ३३४ ज्यूल लागतात, म्हणजे ३३,४०० ज्यूल उष्णता आत शिरली. ३,६०० सेकंदांनी भागलं की साधारण ९.३ वॅट. हा आकडा फळ्यावर आला की वर्गाचा नूरच पालटतो, कारण आता प्रत्येक गटाच्या डब्याला एक आकडा आहे आणि त्यावर भांडता येतं. (बर्फ फ्रीझरमधून काढून लगेच वापरू नका. ते शून्याच्या खाली असतं, त्यामुळे पहिल्यांदा नुसतं गरम होण्यातच उष्णता जाते आणि डबा आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. पृष्ठभाग ओलसर दिसायला लागेपर्यंत थांबायचं.)

मग मुलं साहित्य बदलून बघतात. कापूस, थर्मोकोल, बुचाचं लाकूड, चुरगळलेला कागद. कापूस आणि थर्मोकोल जवळपास सारखेच निघतात तेव्हा मुलांना पटत नाही. दोन्हींची उष्णतावाहकता ०.०४ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास आहे, कारण काम दोन्हींत अडकलेली हवाच करते. मग कुणीतरी कापूस ठासून भरतं आणि डबा बिघडतो. असं एका वेळी एकच गोष्ट बदलत मुलं पुढे जातात.

एवढं झालं की एका परिचारिकाताईंना वर्गात बोलावते. वर्गाला वाटत असतं, सर्वांत थंड डबा जिंकणार. त्या प्रत्येक डबा उघडून बघतात आणि विचारतात, 'यात बाटली बर्फाला टेकेल का?' कारण कावीळ-ब किंवा घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची लस गोठली की निकामी होते. प्रत्यक्षात त्या बर्फाचे पॅक थेट डब्यात ठेवतच नाहीत. बाहेर ठेवून थोडे वितळू देतात आणि हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच भरतात. सर्वांत कमी वॅटचा डबा अशा वेळी नापास होऊ शकतो. त्यांचे पुढचे प्रश्न असे असतात: एका हाताने उघडतो का, धुता येतो का, चालताना मांडीला किती आपटतो.

मुलं त्या वेळी ज्या शांतपणे वह्या उघडतात ते बघायला हवं. कुणीही उद्योजकता हा शब्द उच्चारलेला नसतो. तरी लागणाऱ्याला काय लागतं ते आधी विचारायचं, मोजायचं, नकार ऐकायचा आणि पुन्हा करायचं, हे सगळं होऊन गेलेलं असतं.

बाकीचे काय करतात, कुठे अडतं, ते लिहा. विरोधी मतही हवं आहे.

रेघोटी

फार उपयोगी धागा. मी नुकतीच नोकरीला लागले आहे. एकच विचारते, पोर्शन कसा संपवता? एका धड्यावर इतका वेळ घालवला तर बाकीच्या धड्यांचं काय?

चंचुपात्र

@रेघोटी, प्रत्येक धड्याला असं करायचंच नाही. सत्राला एकच काम मोठं घ्यायचं, तेही जिथे आकडे सहज मिळतात तिथे: उष्णता, वीज, आम्ल-आम्लारी, पाण्याचं शुद्धीकरण. बाकीची प्रात्यक्षिकं नेहमीसारखीच, फक्त दोन बदल करायचे. प्रयोगाआधी 'मला काय होईल असं वाटतं' ही ओळ पेनाने लिहायची, नंतर खोडायची नाही. आणि शेवटची काही मिनिटं एका प्रश्नाला द्यायची: हे कुणाला लागेल आणि तो आज त्याऐवजी काय वापरतो? या प्रश्नाच्या उत्तरार्धाला मुलं आधी अडतात, नंतर तोच त्यांना आवडायला लागतो.

जुनाफळा

विरोधी मत मागितलंत म्हणून लिहितो. आयुष्यभर विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे.

तुमचा डब्याचा धडा उत्तम आहे, पण मला भीती वेगळीच आहे. 'हे कुणाला लागेल' हा प्रश्न एकदा प्रत्येक धड्याच्या शेवटी बसवला की ज्या गोष्टी कुणालाच लागत नाहीत त्या मागे पडतात. गुरूचे चंद्र कुणाला लागतात? परागकण सूक्ष्मदर्शकाखाली इतका देखणा का दिसतो, याला गिऱ्हाईक कोण? मुलगी आकाशाकडे बघत उभी असेल तर तिला बघू द्यावं. शाळा ही जगातली बहुधा शेवटची जागा उरली आहे जिथे उपयोग न विचारता एखादी गोष्ट समजून घेता येते. तीही दुकानदारीला द्यायची का?

दुसरं. 'तुझं यश तुझ्या हातात' हे मुलांना फार लवकर शिकवण्यातही धोका आहे. ज्याच्या घरी पाठबळ आहे तो पडला तरी उठतो. ज्याच्या घरी नाही, त्याला पडणं परवडत नाही. मग अपयश आलं की ते मूल स्वतःलाच दोष देतं.

धडपड

मी शिक्षक नाही, छोटा कारखाना चालवतो. जुनाफळा सरांचा दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. पहिल्याबद्दल माझा अनुभव थोडा वेगळा आहे.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या तरुणांना सूत्रं पाठ असतात. पण यंत्रातून माल खराब यायला लागला की ते एकदम चार गोष्टी बदलतात: तापमान, दाब, वेग, कच्चा माल. माल सुधारतो, पण कशामुळे सुधारला ते कुणालाच कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. एका वेळी एकच चल (म्हणजे बदलता येणारी गोष्ट) बदल आणि लिहून ठेव, हे नववीच्या पुस्तकातलं वाक्य आहे. ते अंगात मुरलेला माणूस मला पाठांतरवाल्यापेक्षा कितीतरी जास्त कामाचा वाटतो.

चंचुपात्र ताई, डब्याच्या कामात एक गोष्ट घालून बघा. एक चांगला डबा करणं वेगळं आणि तसेच शंभर डबे करणं वेगळं. उद्योगातली बरीचशी डोकेदुखी या दुसऱ्यात असते. म्हणून एका गटाची वही दुसऱ्या गटाला द्या. न बोलता, फक्त वही वाचून त्यांनी तसाच डबा करायचा आणि बर्फाचा आकडा काढायचा. पहिल्याचा ९.३ आणि दुसऱ्याचा १४ आला तर वहीत काहीतरी लिहायचं राहिलंय. 'कापूस भरला' असं लिहिलं असेल. किती ग्रॅम, किती जाडीत, कोपऱ्यात भरला का, झाकणाची फट कशाने बंद केली, ते नसेल. शास्त्रज्ञ याला प्रयोगाची पुनरावृत्ती म्हणतात, आम्ही एकसारखा माल म्हणतो. दोन्हीकडे दुखणं एकच.

चंचुपात्र

@धडपड, वह्या बदलायची कल्पना फार आवडली. पुढच्या सत्रात नक्की करते. झाकणाच्या फटीबद्दल अगदी बरोबर बोललात, बहुतेक डब्यांची उष्णता तिथूनच शिरते आणि मुलं भिंतीच जाड करत बसतात.

@जुनाफळा सर, चंद्र आणि परागकण मलाही हवेत. प्रत्येक धड्याला हा प्रश्न लावू नये, हे मान्यच. पण 'लागणं' म्हणजे पैसे देऊन विकत घेणं, एवढाच अर्थ मी घेत नाही. युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये उद्योजकतेच्या क्षमतांचा एक आराखडा काढला, एन्ट्रेकॉम्प नावाचा. त्यात उद्योजकतेची कल्पनाच अशी धरली आहे की संधी आणि कल्पना हाती घेऊन दुसऱ्यांसाठी काही मोलाचं घडवायचं, मग ते मोल पैशातलं असो, सांस्कृतिक असो की सामाजिक. त्यात १५ क्षमता आहेत आणि आर्थिक समज ही त्यातली फक्त एक. संदिग्धतेला तोंड देणं, इतरांना सोबत घेणं, नैतिक आणि दूरचा विचार करणं, हेही त्यात आहे. वर्गात मी काहीही विकायला लावत नाही, तो डबाही कुणी विकत नाही.

कॅटायन

विकायचा विषय निघालाच आहे तर रसायनशास्त्राच्या बाजूने एक कळकळीची सूचना. अशा उपक्रमांत सगळ्यांचा पहिला हात साबणावर पडतो. साबणीकरण (तेल आणि सोड्यापासून साबण होण्याची क्रिया) अभ्यासक्रमात असतं, वस्तू ओळखीची असते, वासही छान येतो. पण साबण मुलांकडून विकून घेऊ नका. अनेक देशांत अंगाला लावायच्या वस्तूंना परवाना, चाचणी, वेष्टनावर घटक छापणं बंधनकारक असतं आणि ते योग्यच आहे. उरलेला कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) कातडी भाजतो.

शिकवायला मात्र यासारखा विषय नाही. १०० ग्रॅम ऑलिव्ह तेलाला पूर्ण साबणीकरणासाठी साधारण १३.५ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. खोबरेल तेलाला १८ ग्रॅमच्या वर. तेल बदललं आणि सोडा तोच ठेवला तर एक वडी तेलकट होते, दुसरी कातडी जाळते. म्हणून करणारे मुद्दाम ५ टक्के सोडा कमी घेतात, म्हणजे ऑलिव्हला १२.८ ग्रॅम. ही ५ टक्के सूट म्हणजे धोका ओळखून आधीच सोडलेली जागा आहे. वजनकाटा थोडा इकडेतिकडे झाला, तेलाची जात थोडी वेगळी निघाली, तरी वापरणाऱ्याला इजा होऊ नये म्हणून. मुलांना मी हे गणित पूर्ण करायला लावतो आणि मग विचारतो, ही सूट १५ टक्के का ठेवत नाहीत? उत्तर त्यांनीच शोधायचं: वडी मऊ राहते, लवकर खवट होते. एका बाजूला सुरक्षितता, दुसऱ्या बाजूला टिकाऊपणा, आणि निर्णय आपला. पुस्तकाच्या मागे याचं उत्तर छापलेलं नसतं.

आणखी एक. सोड्याची बाटली उघडी राहिली असेल तर तो हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. काट्यावर १२.८ ग्रॅम दिसतात, पण त्यातला खरा सोडा कमी असतो. जुन्या बाटलीतल्या सोड्याचं अनुमापन करून (म्हणजे तो उदासीन व्हायला किती आम्ल लागतं ते मोजून) तो किती उरलाय हे मुलांनी काढलं की कच्चा माल तपासूनच घ्यायचा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

(सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही नाही. चष्मा, हातमोजे, खिडक्या उघड्या. आणि ढवळण्याचं काम मोठ्यांनीच करायचं. यात तडजोड नाही.)

शेवाळी_रंग

मुलांना गोष्ट सांगायची असेल तर विल्यम पर्किनची सांगा. बहुतेक ठिकाणी ती 'अपघाताने रंग सापडला' एवढ्यावरच संपवतात आणि सगळ्यात मोलाचा भाग राहून जातो.

१८५६ साल. पर्किन १८ वर्षांचा, लंडनमध्ये हॉफमन नावाच्या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकत होता. सुटीत घरच्या प्रयोगशाळेत डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थांतून क्विनीन (हिवतापावरचं औषध) करायचा प्रयत्न चालला होता. हिशेब रेणुसूत्रांच्या बेरजेचा होता. त्यातल्या एका पदार्थाचे दोन रेणू घेतले, त्यात ऑक्सिजन घातला, पाणी काढलं की क्विनीनचं सूत्र येतं. कागदावर बरोबर. पण रेणूची रचना तेव्हा कुणालाच माहीत नव्हती, त्यामुळे हाती तांबूस चिखल आला. मग त्याने त्याहून साधा पदार्थ, ॲनिलीन घेऊन तेच करून पाहिलं. काळा गाळ आला. तो अल्कोहोलमध्ये विरघळला तेव्हा जांभळा रंग दिसला.

इथपर्यंत विज्ञान. आता पुढचं बघा. त्याने रेशमाचा तुकडा रंगवला, धुतला, उन्हात ठेवला. रंग टिकला. मग नमुना स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या पुलर नावाच्या रंगाऱ्यांकडे पाठवला. त्यांचं उत्तर उत्साहाचं होतं, पण त्यात 'पण' होता: माल फार महाग होणार नसेल तर हा शोध मोठा आहे, मात्र सुती कापडावर रंग नीट बसत नाही. पर्किनने त्याच वर्षी पेटंट घेतलं, प्राध्यापकांची नाराजी पत्करून शिक्षण सोडलं, वडिलांनी साठवलेला पैसा लावला आणि १८५७ मध्ये वडील व भावासोबत कारखाना काढला. त्यानंतरच खरी कसोटी लागली. ॲनिलीन कुणी घाऊक विकतच नव्हतं, तेव्हा बेंझीनपासून नायट्रोबेंझीन आणि त्यापासून ॲनिलीन स्वतःच बनवावं लागलं, मोठ्या लोखंडी भांड्यांत, स्फोटाचा धोका पत्करून. सुती कापडासाठी टॅनिन वापरून रंग पक्का करायची पद्धत बसवावी लागली आणि रंगाऱ्यांकडे जाऊन ती शिकवावी लागली. १८७४ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी त्याने कारखाना विकला आणि संशोधनाकडे परतला.

मी वर्गात गोष्ट पुलरांच्या उत्तरापाशी थांबवते. 'आता तुम्ही काय कराल?' असं विचारते आणि मुलांना लिहू देते. कापूस सोडून फक्त रेशमावर लक्ष द्यावं, असं अर्ध्या मुलांना वाटतं. हा निर्णयही वेडगळ नाही. मग त्यांना कारण द्यावं लागतं.

जुनाफळा

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगितली, पण रंगाऱ्यांच्या उत्तरापर्यंत कधी गेलो नव्हतो. छान.

लोलक

शिक्षणावरच्या संशोधनात काम करतो, म्हणून पुराव्याची बाजू मांडतो. उत्साह असावा, पण काय दिसून आलंय तेही माहीत असावं.

विद्यार्थ्यांनी छोटी कंपनी चालवायची, हा उपक्रम जगभर चालतो. अशा उपक्रमाचा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये अभ्यास झाला, महाविद्यालयीन वयाच्या व्यावसायिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांवर. त्यात उद्योजकतेच्या कौशल्यांत लक्षणीय वाढ दिसली नाही आणि स्वतःचा व्यवसाय काढायची इच्छा उलट कमी झाली. संशोधकांनी सुचवलेला एक अर्थ असा की विद्यार्थ्यांना स्वतःबद्दल अधिक वास्तव कल्पना आली. मला तो निकाल वाईट वाटत नाही. ज्याला हे जमणार नाही त्याला ते लवकर कळणं हेही शिक्षणच. त्याच देशात ११-१२ वर्षांच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात (२०१४) व्यवसायाच्या ज्ञानात फरक पडला नाही, पण चिकाटी, पुढाकार, जोखीम घेण्याची तयारी अशा गोष्टी वाढल्या.

स्वीडनमध्ये उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांचा पुढची अनेक वर्षं माग काढला गेला (२०१५). कंपनी-उपक्रमात भाग घेतलेल्यांनी पुढे व्यवसाय काढायची शक्यता जास्त होती आणि व्यवसायातलं उत्पन्नही जास्त होतं, पण त्यांचे व्यवसाय इतरांपेक्षा जास्त काळ टिकले असं दिसलं नाही.

या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास इटलीतला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. ११६ नवे उद्योग घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. प्रशिक्षण दोन्ही गटांना मिळालं. फरक इतकाच की एका गटाला शास्त्रज्ञासारखं वागायला शिकवलं: कल्पनेमागचं गृहीतक स्पष्ट लिहा, ते खोटं ठरू शकेल अशी चाचणी घ्या, आकडा किती आला तर थांबायचं ते आधी ठरवा. या गटाची कामगिरी सरस ठरली आणि कल्पना चालत नाही हे दिसल्यावर दिशा बदलण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. म्हणजे विज्ञानाची पद्धत उद्योजकाला उपयोगी पडते, याला बऱ्यापैकी भक्कम आधार आहे. हा अभ्यास प्रौढांवरचा आहे, शाळेला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दिशा चंचुपात्र म्हणतात तीच आहे.

टोगोमधल्या १,५०० छोट्या व्यावसायिकांवरचा २०१७ चा प्रयोगही इथे बोलका आहे. नेहमीच्या हिशेब-जाहिरातीच्या प्रशिक्षणाने नफ्यात ठाम म्हणता येईल असा फरक पडला नाही, पण पुढाकार, अडथळ्यांची आधी कल्पना करणं, प्रतिसाद घेऊन बदलणं, यावर भर दिलेल्या प्रशिक्षणाने नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. शाळेत उद्योजकता म्हणजे ताळेबंद आणि जाहिरातीचं पोस्टर, असं समजणाऱ्यांनी याकडे जरूर बघावं.

पालक_नववी

माझ्या मुलीच्या शाळेत असे गटप्रकल्प होतात. दोन गोष्टी खटकतात. एक, गटात दोन मुलं करवत-गोंद घेऊन बसतात आणि मुलीकडे वही येते, कारण तिचं अक्षर चांगलं. सादरीकरणाला ती उभी राहते, पण स्क्रू तिने एकही फिरवलेला नसतो. दुसरं, ज्यांच्या घरी सोय आहे ती मुलं तयार फोम, कटर, काय काय घेऊन येतात. मग स्पर्धा मुलांची राहते की पालकांची?

चंचुपात्र

दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि दोन्हींना उपाय आहेत.

घरून काही आणायचं नाही, हा पक्का नियम. साहित्य शाळेच्या पेटीतूनच. प्रत्येक वस्तूला गुण लावलेले असतात आणि प्रत्येक गटाला सारखेच गुण मिळतात. थर्मोकोलला जास्त, जुन्या वर्तमानपत्राला अगदी कमी. गुण संपले की संपले. यात मुलं एक फार चांगली सवय शिकतात. सगळे गुण पहिल्याच डब्यावर उधळायचे नाहीत, थोडक्यात छोटा डबा करून मोजून बघायचं आणि मग मोठा. सरस्वती नावाच्या उद्योजकतेच्या अभ्यासक आहेत, त्यांनी २००१ मध्ये कसलेल्या उद्योजकांच्या विचारपद्धतीबद्दल मांडलं होतं की ही माणसं 'यातून किती मिळेल' यापेक्षा 'यात किती गेलं तर चालेल' इथून सुरुवात करतात. जुनाफळा सरांच्या पडणं न परवडण्याच्या मुद्द्याला माझं उत्तरही हेच. धाडस करा असं मी मुलांना सांगत नाही. लहान पडा, स्वस्तात पडा आणि पडल्यावर लिहून ठेवा, एवढंच सांगते.

गटातली कामं दर तासाला फिरतात: मोजणारा, बांधणारा, लिहिणारा, विचारणारा. पहिल्या तासाला नाराजी असते, कारण वेग कमी होतो. तरी फिरवायचीच. तुमच्या मुलीच्या हातात करवत यायलाच हवी, आणि करवतवाल्या मुलाला परिचारिकाताईंशी नीट बोलता आलं पाहिजे.

जुनाफळा

माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण 'किती गेलं तर चालेल' हे पटलं. ते मुलांना जपणारं आहे.

आकाशाचं म्हणत होतो त्यावरून एक सुचलं. तेच मैदान, तीच रात्र, मुलांनी मृग नक्षत्रात उघड्या डोळ्यांनी किती तारे दिसतात ते मोजायचं. मग मैदानावरच्या दिव्याला वरून टोपी लावून प्रकाश खाली वळवायचा आणि पुन्हा मोजायचं. अंधार, डोळ्यांचा सराव, चंद्राची तिथी, सगळं सारखं ठेवावं लागेल, ते विज्ञान. आणि दिवा ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांना आकडे दाखवून टोपी कायमची बसवून घ्यायची, ती तुमची उद्योजकता. पण यातली एक रात्र मी काहीही न मोजता नुसतं बघायला ठेवीन. तेवढी मात्र सोडणार नाही.

चंचुपात्र

सर, ती रात्र तुम्हीच घ्या. दिव्याच्या टोपीची कल्पना मी उचलते. मुलांना खालच्या प्रकाशाचंही मोजमाप करायला लावीन, कारण टोपी लावल्यावर खाली जास्त उजेड पडला तर कमी वॅटचा दिवाही चालेल, आणि दिवा बदलायला लावताना त्या लोकांपुढे हाच मुद्दा जास्त चालेल. तारे दिसतात म्हणून दिवा बदला, हे मुलांना पटेल. ज्याच्या हातात बटण आहे त्याला वेगळं कारण लागेल. समोरच्याचं कारण ओळखणं हाही अभ्यासाचाच भाग.

रेघोटी

शेवटचा प्रश्न, मार्क कसे देता? डबा चांगला झाला त्याला जास्त, असं केलं तर पुन्हा सगळे सुरक्षितच खेळतील ना?

चंचुपात्र

डब्याच्या वॅटला मी शून्य मार्क देते आणि हे पहिल्या दिवशीच सांगते. मार्क वहीला. चार गोष्टी बघते. आधी लिहिलेला अंदाज आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी आहेत का, आणि ते जुळत नसतील तर त्याबद्दल काही विचार केलाय का. एका वेळी एकच गोष्ट बदलली का. वापरणाऱ्या माणसाने सांगितलेल्या कोणत्या गोष्टीमुळे काय बदललं. आणि धडपड यांनी सुचवलं तसं, ती वही वाचून दुसऱ्याला डबा करता येतो का. यातलं दुसरं आणि चौथं तपासायला सोपं आहे. पहिल्याला वेळ लागतो, कारण काही मुलं आकडा आल्यावर मागे जाऊन अंदाज लिहितात. म्हणून अंदाजाच्या ओळीवर त्याच तासाला मी सही करते आणि बर्फ त्यानंतरच देते.

तिसऱ्यावर वाद होतात. एका गटाने लिहिलं होतं, 'ताई म्हणाल्या पट्टा हवा, पण आम्ही लावला नाही, कारण त्यांच्याच केंद्रातल्या दुसऱ्या ताईंना विचारलं तर त्या डबा गाडीवरून नेतात.' त्यांना मी पूर्ण मार्क दिले.